बारवीच्या रानातला शेजारी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही 'बिबट्या' असे सांगितले. सेक्रेटरी हसले. म्हणाले, "दादा, वर्धापनदिन आहे, सर्कस नाही." मग त्यांना वाटले की आम्ही सम्राट अशोकाच्या शिलालेखांवर बोलू, त्यात प्राण्यांना अभय दिलेलं आहे ते सांगू. तो विषय भंतेजींचा आहे आणि तो तेच चांगला मांडतील. आम्ही मिल कामगार. त्रासन खात्यात बदली म्हणून लागलो, शिक्षण दहावी नापास. जे काही शिकलो ते तिसऱ्या पाळीनंतर वाचनालयात बसून, डुलक्या घेत घेत. तेव्हा आमच्याकडून मोठ्या व्याख्यानाची अपेक्षा ठेवू नका. आपल्या वस्तीत गेल्या हिवाळ्यात जे घडले, त्यावरून बोलायचे आहे.

तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बारवी धरणाच्या रस्त्याला, रानाच्या कडेला आपली शेवटची आळी आहे. तिथल्या एका आजीची शेळी रात्री गेली. सकाळी दावं तुटलेलं, रक्ताचा माग नाल्याकडे गेलेला. तासाभरात दीडशे माणसं जमली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात मोबाईल. दुपारपर्यंत तीन व्हिडिओ फिरत होते. नंतर कळलं की त्यातला एक राजस्थानचा आणि एक कुठल्या तरी सिनेमातला होता. संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर बैठक बसली आणि ठराव झाला: वनखात्यावर मोर्चा न्यायचा, पिंजरा लावायला लावायचा, बिबट्या पकडून लांब सोडायला लावायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही एकट्यानेच हात वर केला नाही. त्यावरून आम्हाला बरंच ऐकून घ्यावं लागलं. "दादा म्हातारे झाले, दादांना माणसापेक्षा जनावर प्यारं झालं," इथपर्यंत.

हात का वर केला नाही ते आज सांगतो. कारण तो ठराव आम्ही एकदा स्वतः मांडलेला आहे, पास करून घेतलेला आहे आणि त्याची फळंही बघितलेली आहेत.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आम्ही ऐन जोमात होतो. रानाकडच्या एका पाड्यावर दोन-तीन वासरं गेली होती. आम्ही मिलमधले पंधरा-वीस जण घेऊन निवेदन दिलं, घोषणा दिल्या, पेपरात नाव छापून आणलं. पिंजरा लागला. पाचव्या दिवशी त्यात एक मादी सापडली. तिला बघायला जत्रा लोटली होती. पोरं काठ्या आत घालत होती, ती गजांवर डोकं आपटून घेत होती, सगळं तोंड रक्ताने माखलेलं. रात्री गाडीतून तिला नेलं. कुठं सोडलं ते आम्ही विचारलंही नाही. आम्ही पेढे वाटले. महिना-दीड महिन्यात त्याच पाड्यावर पुन्हा वासरू गेलं. म्हणजे एक गेली, दुसरा आला. तेव्हा आम्ही म्हटलं, अजून एक पिंजरा लावा! डोकं चाललं नाही, बरं का. युनियनमध्ये आम्ही नेहमी म्हणायचो की एक कामगार काढून दुसरा घेतला म्हणून खात्यातला बिघाड दूर होत नाही. पण तोच हिशोब इथे लावायचं आम्हाला सुचलं नाही.

तो हिशोब दुसऱ्या एका बाईंनी लावला होता. त्यांचं नाव डॉ. विद्या अत्रेय. आज त्यांच्याच कामाबद्दल सांगायचं आहे.

पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका तुम्हाला लेण्यांमुळे माहीत आहे. आपली सहल गेली होती. तिथे कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे. पाणी आलं, ऊस आला. उसाचं रान म्हणजे बिबट्याला घरच. लपायला दाट, प्यायला पाणी, आणि खायला वस्तीवरची कुत्री, डुकरं, शेळ्या. मादी तिथेच विते, पिल्लं तिथेच वाढतात, त्यांनी जंगल कधी पाहिलेलंच नसतं. २००१ ते २००३ या काळात तिथे माणसांवर हल्ले एकदम वाढले. लोक संतापले, मोर्चे निघाले, पिंजरे लागले, बिबटे धरून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. हुबेहूब आमचाच ठराव.

विद्याताई त्या सुमारास नारायणगावच्या भागात राहत होत्या. वन्यजीवशास्त्र शिकलेल्या होत्या. त्यांना एक साधा प्रश्न पडला: बिबटे धरून नेल्यावर हल्ले कमी व्हायला पाहिजेत, मग वाढले का? त्यांनी वनखात्याची कागदपत्रं काढली, तारखा आणि जागा मांडल्या, कुठे धरला, कुठे सोडला, हल्ला कुठे झाला. पशुवैद्य डॉ. अनिरुद्ध बेलसरे यांच्या साथीने पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली, म्हणजे तोच बिबट्या पुन्हा सापडला तर ओळखू यावा.

निघालं काय? धरपकडीच्या आधी, १९९३ ते २००१ या वर्षांत, माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. २९ बिबटे उचलून दुसरीकडे सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते वर्षाला सतरा झाले. आणि हल्ल्यात माणूस मरण्याचं प्रमाण दुप्पट झालं. हा अभ्यास २०११ साली परदेशातल्या एका मोठ्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आला. तो इंग्रजीत आहे. आम्हाला तो आपल्याच वस्तीतल्या एका पोरीने ओळ अन् ओळ मराठीत सांगितला. तिच्याबद्दल पुढे येईन.

आता असं का व्हावं? बिबट्या हा आपल्या हद्दीतला प्राणी आहे. ओढा कुठे, कुत्री कुठे, माणसं किती वाजता झोपतात, हे त्याला पाठ असतं. त्याला अनोळखी रानात टाकलं की तो आधीच घाबरलेला, जखमी, पिंजऱ्यात माणसांनी छळलेला असतो. तो घराकडे चालत सुटतो, मध्ये येतील त्या वस्त्यांतून. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा तरुण बिबट्या धरतो, त्याला त्या गावाची रीत माहीत नसते. म्हणजे एका गावाचं संकट दोन गावांना वाटून दिलं. आमच्या त्या मादीचं काय झालं असेल, ती ज्यांच्या दारात सोडली त्यांचं काय झालं असेल, हे त्या रात्री कागद वाचताना पहिल्यांदा मनात आलं. पेढे वाटले होते ते आठवून घशात आवंढा आला.

घराकडे चालत सुटतो म्हटलं, त्याचं उदाहरण आपल्या भागातून गेलेलं आहे. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर इथे एक वयस्क नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. शांत आणि म्हातारा, म्हणून अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हे आजोबा निघाले पश्चिमेला. कसाऱ्याचं रेल्वे स्टेशन ओलांडलं, मुंबई-आग्रा हमरस्ता ओलांडला, पुढे वसईची खाडी पोहून पार केली आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन पोचले. सुमारे १२० किलोमीटर, महिनाभराच्या आत. वाटेत एकाही माणसाला ओरखडा नाही. माळशेज म्हणजे आपला शेजारचा मुरबाड तालुका. आणि वसईच्या खाडीला मिळणारं पाणी उल्हास नदीचं, म्हणजे बारवीचंही. आपण रात्री गाढ झोपलेलो असताना आपल्याच खोऱ्यातून असा एक प्रवासी गेला आणि आपल्याला पत्ता नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर गाडीच्या धडकेने आजोबा मेले. चिपेवरून ओळख पटली. त्यांच्यावर २०१४ साली मराठी सिनेमा निघाला, उर्मिला मातोंडकर त्यात आहेत. पोरांनी नुसत्या कवठ्याच्या व्हिडिओपेक्षा तो बघावा.

जुन्नरनंतर विद्याताई अकोल्याला गेल्या. विदर्भातलं अकोला नव्हे, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले. तिथे जंगल जवळपास नाहीच. ऊस, टोमॅटो, मका, वस्त्या, दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. शेताच्या बांधावर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. तरसही जवळपास तितकेच. आणि जीवघेणे हल्ले मात्र तिथे होत नव्हते. बिबट्यांची विष्ठा गोळा करून, धुऊन, त्यातल्या केसांवरून ते खातात काय ते काढलं. (हे काम ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावला. आम्ही म्हटलं, आपण गिरणीत तेल, धूळ आणि कापसाचा कचरा तीस वर्षं नाकात भरला, त्याला कोणी शास्त्र म्हटलं नाही.) तर त्याच्या खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव किंवा वस्तीतल्या प्राण्यांचा, आणि त्यात सगळ्यात जास्त, ३९ टक्के, कुत्री. पट्टे घातलेल्या बिबट्यांच्या हालचालींवरून दिसलं की ते दिवसा घरांपासून लांब, आडोशाला थांबतात आणि माणसं झोपल्यावर घरांच्या जवळून फिरतात. आपणही रात्रपाळीवाले. आपल्याला ही पाळी समजायला हरकत नाही.

आता आपल्या बारवीचं. बारवी धरण एमआयडीसीने सत्तरच्या दशकात बांधलं. आधी कारखान्यांसाठी, मग शहरांसाठी. आज उल्हासनगर, अंबरनाथपासून ठाणे, नवी मुंबईपर्यंत त्याचं पाणी जातं. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, २०१९ मध्ये वाढलेल्या उंचीला पाणी भरलं तेव्हा तोंडली, काचकोली, मोहघर या गावांची जमीन, घरं पाण्याखाली गेली. त्या माणसांचं दुःख हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, आणि तो कुणीतरी करावा. पण पाणी वर चढलं तसं रानातलं जनावरही वर सरकलं, आणि खालून आपली शहरं वर सरकली. मधली पट्टी अरुंद झाली. त्या पट्टीत आपण कचरा टाकतो. मच्छी बाजाराचा, कोंबडीच्या दुकानांचा, लग्नाच्या जेवणावळींचा. कचऱ्याला कुत्री येतात, डुकरं येतात. कुत्र्याला बिबट्या येतो. २०१९ च्या जानेवारीत उल्हासनगरात बिबट्या शिरला होता, २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला एका इमारतीत शिरला, माणसं जखमी झाली. त्या दिवशी टीव्हीवर सगळे म्हणत होते, बिबट्या शहरात आला. येतो कुठून, हे कोणी विचारत नव्हतं.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. बैठकीत आमचे एक ज्येष्ठ सहकारी उठले. त्यांनी विचारलं, "दादा, महाडला १९२७ साली बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावं लागलं, कारण त्या तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला ओंजळ भरायची बंदी होती. शंभर वर्षं होत आली. आणि आता तुम्ही पुन्हा जनावराची बाजू घेऊन आपल्याला गप्प बसायला सांगता?" सभा एकदम शांत झाली. आमच्याही काळजाला लागलं. याला टाळीचं उत्तर नाही.

आम्ही त्यांना एवढंच म्हणालो की हा प्रश्न खरा आहे, आणि जंगलाच्या नावाखाली गरिबाला उठवलं गेलंय हेही खरं आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस संजय गांधी उद्यानाच्या हद्दीतली हजारो झोपडी तुटली. आमच्या साडूचं घर त्यात गेलं. भांडी-कुंडी पावसात, पोरांची दप्तरं चिखलात. तेव्हापासून वन, वन्यजीव, पर्यावरण हे शब्द ऐकले की आमच्या घरात कपाळावर आठी पडत होती. विद्याताईंचं काम वाचून ती आठी सैल झाली, ती याच कारणाने. त्यांचा अभ्यास म्हणतो की बिबट्या माणसांत राहतो, जंगलाच्या आत नाही आणि बाहेरही नाही, मध्येच राहतो. मग माणसं उठवून काय होणार? प्रश्न उठवण्याचा नाही, कसं राहायचं याचा आहे. आणि चुकीच्या पद्धतीने पकडापकडी झाली तर पहिला मरतो कोण? बंगल्यातला नाही. रात्री उघड्यावर परसाकडे जाणारी बाई, रानात सरपण गोळा करणारा कातकरी, अंगणात खेळणारं पोर. म्हणजे आपलेच.

मुंबईच्या त्याच उद्यानाच्या कडेला जून २००४ मध्ये एका महिन्यात बरेच बळी गेले होते. दुसरीकडून आणून सोडलेल्या बिबट्यांचा त्यात वाटा असावा, असं अभ्यासकांचं मत पडलं. पुढे २०११ साली वनखात्याने विद्याताई आणि इतर अभ्यासक, कार्यकर्ते यांना बरोबर घेऊन मुंबईकरांसाठी एक मोहीम काढली. त्यात पत्रकारांच्या कार्यशाळा घेतल्या. ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. 'नरभक्षकाचा धुमाकूळ' असं छापलं की लोक मोर्चा काढतात, मोर्चा निघाला की साहेब पिंजरा लावतो, पिंजरा लागला की नवं संकट. ही साखळी बातमीच्या मथळ्यापासून सुरू होते. पाडे, शाळा, पोलीस ठाणी, सोसायट्या, सगळीकडे जाऊन तेच सांगितलं: कचरा उचला, शौचालय द्या, दिवा लावा, मुलांना अंधारात एकटं सोडू नका, दिसला म्हणून गर्दी करू नका. पिंजऱ्याचं राजकारण थांबलं, हल्ले खूप कमी झाले. बिबटे मात्र गेले नाहीत. निकीत सुर्वे या तरुण अभ्यासकाने २०१५ मध्ये तिथे ३५ बिबटे मोजले, २०१८ मध्ये ४७. एका अभ्यासाचा अंदाज आहे की ते वर्षाला दीड हजारांच्या आसपास कुत्री खातात. आपल्या वस्तीत कुत्रं चावून इंजेक्शनं घेणारी पोरं किती आहेत ते दवाखान्याच्या रांगेत बघा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

हे सगळं ऐकून बिबट्या म्हणजे मांजर आहे असं कोणी समजू नये. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात थोड्या दिवसांत तीन माणसं गेली, त्यात दोन लेकरं. लोकांनी हमरस्ता अडवला. शेवटी तिथे बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्या आईचं पोर गेलं तिला आम्ही कुठला अभ्यास वाचून दाखवणार? काही वेळा जनावर काढावंच लागतं आणि त्याचाही नियम आहे. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडायची किंवा मारायची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. केंद्र सरकारने २०११ च्या एप्रिलमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात म्हटलंय की नुसता दिसला म्हणून पकडू नये, पकडणं हा शेवटचा उपाय. तेव्हा चौकीवरच्या गार्डची कॉलर धरून काही होत नाही. तोही आपल्यासारखा पगारावरचा माणूस.

मग मोर्चा काढायचा की नाही? काढायचा. जरूर काढायचा. पण मागणी बदलून. आजीच्या शेळीच्या वेळी आम्ही काय केलं ते सांगतो, कारण ते इथल्या प्रत्येकाच्या कामाचं आहे. पहिलं, मेलेलं जनावर हलवू दिलं नाही. लोक ते लगेच पुरतात किंवा ओढून टाकतात आणि मग पंचनामा होत नाही. दुसरं, वनखात्याला लगेच कळवलं. ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. १९२६ हा वनखात्याचा फोन नंबर आहे, तो प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावा. तिसरं, पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहून सही करण्याआधी वाचला. त्यात 'अज्ञात प्राणी' असं लिहिलेलं होतं, ते दातांच्या खुणा दाखवून दुरुस्त करून घेतलं. आजीला पैसे मिळाले, उशिरा मिळाले, शेळीच्या किमतीइतके नाही मिळाले, पण मिळाले. माणूस दगावला तर राज्य सरकार २०२३ पासून वारसांना २५ लाख देतं. हा आपला हक्क आहे, उपकार नाही. आणि चौथं, आम्ही नगरपालिकेत अर्ज दिला आहे: शेवटच्या आळीला दिवे, सार्वजनिक संडासाची कडी-कोयंडे, पाणी, आणि नाल्याकाठचा कचरा उचलणे. तीन वेळा चकरा झाल्या. कडी लागली आहे, दिवे अजून नाहीत. मोर्चा यासाठी काढायचा आहे, तारीख मंडळ ठरवील.

आणखी एक. धरणाकडच्या पाड्यांवरचे आदिवासी बांधव वाघोबाचा दगड मानतात. आपण देवदेवस्की सोडली, ती सोडलीच पाहिजे होती. म्हणून आम्ही त्या दगडाला कधी हात जोडले नाहीत. पण विद्याताईंच्या सोबत काम करणाऱ्या अभ्यासकांनी वारली लोकांमधली वाघोबाची दीडशेच्या वर ठाणी नोंदवली, आणि त्यांच्याकडून विचारून घेतलं की तुम्ही या जनावराबरोबर इतक्या पिढ्या कशा काढल्या. २०२१ साली ते छापून आलं. शास्त्रज्ञ पाड्यावर जाऊन खाली बसतो आणि विचारतो, हे आम्हाला नवीन होतं. आमच्याकडे आलेले साहेब नेहमी उभं राहून सांगायचे.

आता त्या पोरीबद्दल. नाव घेत नाही, ती लाजेल. आपल्या वस्तीतली, बी.एस्सी. झाली प्राणिशास्त्र घेऊन. आजीची शेळी गेली त्या सकाळी सगळे काठ्या घेऊन धावत होते तेव्हा ही एकटी नाल्याच्या ओल्या मातीत बसून पट्टीने पायाचा ठसा मोजत होती. आम्ही ओरडलो तिच्यावर, घरी जा म्हणून. ती म्हणाली, "दादा, नखं उमटलेली नाहीत, म्हणजे कुत्र्याचा नाही. आणि ठसा लहान आहे, मादी असेल." शांतपणे. तिने मग मोबाईलवरच्या त्या तीन व्हिडिओंतला राजस्थानचा कुठला ते दाखवून दिलं. वस्तीतली निम्मी घबराट तिथेच उतरली. त्या दिवसापासून आम्ही तिचे विद्यार्थी.

तिला याच विषयात पुढे शिकायचं आहे. लोकांना वाटतं वन्यजीव म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचा छंद, गळ्यात कॅमेरा, अंगात खाकी. तसं ते बरंचसं आहेही, खोटं कशाला बोलू. पण डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, १९८२ पासून, तिथे एम.एस्सी. होतं. बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. आहे, प्रवेश परीक्षा देऊन. मुंबईत फोर्टला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे, व्हीटीला उतरून चालत जाता येतं. वनरक्षकाची भरती असते, लोकसेवा आयोगाची वनसेवा असते. आपल्या मुलांना डॉक्टर, इंजिनिअर, तलाठी, पोलीस एवढेच फॉर्म माहीत. हे फॉर्म कोणी आणून देत नाही. आणि रानाच्या कडेला, बिबट्याच्या वाटेवर जी माणसं राहतात, त्यांचीच पोरं या खुर्च्यांवर नसतील तर पंचनाम्यात 'अज्ञात प्राणी'च लिहिलं जाणार.

तिच्या वडिलांना आम्ही भेटलो. आमच्याच खात्यातले, एका मशीनवर दोघांनी वर्षं काढलीत. ते म्हणाले, "अरे, पोरीची जात. रात्रीबेरात्री रानात, परक्या माणसांबरोबर. आणि पगार किती? पहिली दोन-चार वर्षं नुसता जेवणखर्च निघेल. माझ्यानंतर घराला कोण?" ते चुकीचं बोलत नाहीत. या कामात सुरुवातीला पैसा कमी आहे, प्रकल्प संपला की काम संपतं, हे आम्ही चौकशी करून आलो आहोत. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की तुमची आई मिलच्या वायंडिंगला रात्रपाळी करायची, तेव्हाही आळीत लोक हेच म्हणाले होते. ते त्यावर काही बोलले नाहीत. विडी विझवली आणि आत गेले.

समितीने फॉर्मची फी आणि परीक्षेच्या गाडीभाड्याचं बघायचं कबूल केलं आहे, त्याबद्दल आभार. दोन जुनी इंग्रजी पुस्तकं आम्ही मिळवली आहेत, ती वाचनालयात ठेवतो, पण आधी तिला. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता ती दहा मुलांना घेऊन मुळगावच्या पुढे धरणाच्या रस्त्याला ठसे दाखवायला जाणार आहे. पाण्याची बाटली आणि बंद चपला घेऊन यायचं, मोबाईल घरी ठेवायचा.

तिचे वडील आज मागे दाराजवळ बसलेले आहेत. फॉर्मवर पालकाची सही लागत नाही, हे आम्ही बघून घेतलं आहे, पण सहीशिवाय ती भरायची नाही म्हणते. तारीख पुढच्या शुक्रवारी संपते. आमचं बोलणं आटोपलं की चहा आहे. तेव्हा, दादा, तुम्ही लगेच उठून जाऊ नका, आम्ही तुमच्याकडेच येतो आहोत.

जयभीम.